दुर्रीची जोडी

सांगली, मार्केट यार्ड. हळदीचे सौदे आटोपले.
मोठ्या काट्याच्या पत्र्यावर पोतं अंथरून आम्ही चौघं,
काटा बंद करायचा राहिलाय,
लाल आकडा: दोनशे अठ्ठावन्न.
बूट दहाचा.

मी पानं उचलली. दुर्री, दुर्री, किलवरची अठ्ठी.
जोडी आहे, असं म्हणता येतं.
नाही, असंही.

भूपाल मगदूम ब्लाइंड. पानांकडे बघतो
व्याह्याच्या ताटाकडे बघावं तसा, न बघितल्यासारखा.
बाबालालनं वीस टाकले, विडी कानावर.
महिपती ऐवळे मघापासून निघालाय घरी,
पण त्यानंही वीस टाकले.
स्वस्तात बसायला मिळालं तर कोण उठतं?

भीती तीच.
गप्प खेळलो तर सगळे टिकतील,
आणि तिघांत एकाकडे तरी तिर्रीची जोडी असतेच.
एक्क्यांना घाई नसते;
एक्के जेवून, हात धुऊन, सुपारी कातरून
मग चाल टाकू शकतात.
माझ्यासारख्या पानाला आत्ताच आवाज चढवावा लागतो.
उशिरा चढवला
की त्याची विनवणी होते.

रुमालाखाली सौदे व्हायचे तेव्हाचा माझा बाप. म्हणायचा,
बोट दाबायचं तर एकदाच दाब,
दुसऱ्यांदा दाबलंस की समोरच्याला तुझी भूक कळते.

मी चाळीस टाकले.

भूपालनं आत्ता कुठं पानं बघितली, हसला, टाकली.
बाबालाल थांबला.
महिपतीनं त्याचीही वाट बघितली नाही, पॅक करून पत्र्यावरून उतरला:
एकशे सत्त्याण्णव.
बाबालालची विडी कानावरून ओठात आली. पेटवली नाही.
"मर्दा, काय धरलंयस?"
मी आकड्याकडे बघत राहिलो.
तो पुढं झुकला, अठ्ठ्याण्णव.
मागं रेलला, सत्त्याण्णव.
पुन्हा अठ्ठ्याण्णव.
माझा श्वासही त्यात मोजला जात असणार.

त्यानं पानं फेकली, उलटीच.
मीही माझी न दाखवता ढिगात सारली.
एकशे तीस रुपये, त्यातले पन्नास माझेच.

पिसायला घेतली तेव्हा एक पान पालथं वर राहिलं.
पाठीवर कडेला हळदीचा अंगठा,
ताजा, घामानं ओला,
इतका दाबलेला की रेषा मोजाव्यात.
बाबालालनं तो बघितला,
माझ्या हाताकडे बघितलं,
मग निवांत विडी पेटवली.

"वाट," म्हणाला.