छाट

शौरम्माच्या मांडीवर अजून तेच सूप आहे,
काठाला पितळी तार गुंडाळलेलं,
ज्यात चाळीस वर्षं टेंभुर्णीची पानं होती.
आता त्यात खडे असतात.
सीनेच्या पात्रातून मी गोणीनं आणते:
काळे, तांबूस,
एखादा दुधी, पोटात धूर कोंडल्यासारखा.

घरकुलाच्या मागच्या खोलीत मी वेज पाडते.
मोटर मोडीत निघालेल्या यंत्रमागाची,
वर सलाईनच्या नळीतून थेंब थेंब पाणी.
निम्मं एका बाजूनं,
मग दगड उलटा करून निम्मं दुसऱ्या.
आत दोन्ही वाटा भेटल्या तर मणी.
नाही भेटल्या तर दगड होताच.
मे महिन्यात, पत्र्याखाली, त्रेचाळीस डिग्रीत
भेटतीलच असं काही नाही.

आई ओवते.
तिच्या बोटांना जुडीची सवय,
पंचवीसला आपोआप थांबतात.
"दहा गं, दहा."
"ठाऊक हाय की," म्हणते, आणि मोजते
ओकटी, रेंडू, मूडू.
आकडे तेलुगूत, नमो मरिया मराठीत.
दहा झाले की थोडी मोकळी जागा,
मग बापाचा मणी, एकटा.
हा दोरा विडीचा नव्हे, नायलॉनचा,
तरी गाठ मारताना अंगठा तसाच वळतो.

कॉन्व्हेंटातून चाळीस माळांची ऑर्डर आली.
मणी एकसारखे हवेत, असा निरोप.
मी पत्र्याला भोक पाडून दिलं मापाचं,
आणि ती निवडायला बसली.
संध्याकाळी सुपाबाहेर ढीग:
टवका गेलेले, लांबट, वेज तिरका गेलेले.
ढिगाकडे बघत राहिली बराच वेळ.
"एवढी छाट?" म्हणाली.
"मग मजुरी कुणाची कापायची?"

कारखान्यात येमुल चेकर असायचा.
हजारातल्या शंभर-दीडशे बाजूला सारायचा,
कधी कधी न बघताच.
पैसे कापायचा, आणि छाटही ठेवून घ्यायचा.
आई हे आता चिडून सांगत नाही,
रेशन कुठल्या तारखेला येतं ते सांगावं तसं सांगते.

त्या रात्री तिनं छाटीतलेच मणी ओवले.
पुरे एकोणसाठ.
माळ सरळ लोंबेना, कुठंही धरा, पीळ खायची.
क्रूस तेवढा चांगला लावला.
रविवारी मिस्सा सुटल्यावर म्हणाली,
"सिव्हिलला जाऊ. येमुलला वारं गेलंय."

तो आमच्यातला नव्हता.
उजवं अंग गेलेलं, तोंड एका बाजूला.
तिला ओळखलं की नाही, कळलं नाही.
तिनं त्याच्या डाव्या मुठीत माळ कोंबली.
"येमुल, मोज," म्हणाली.
एवढंच. माफ केलं वगैरे काही नाही.

अंगठा हलला. जुनाच अंगठा,
एका एका मण्यावरून सरकत
लांबट खड्यापाशी अडला,
त्याला बाजूला ढकलू लागला.
खडा जाईना.
पुढचा मागं आला, मागचा पुढं,
सगळे एकाच दोऱ्यात.
पुन्हा ढकलला त्यानं.
मग नुसता त्यावर अंगठा ठेवून पडून राहिला,
आणि डोळ्यातून पाणी आलं,
पण ते त्या आजारात तसंही येतं, नर्स म्हणाली.

बसमध्ये आई खिडकीशी बसली.
सात रस्त्यापर्यंत गप्प.
मग पदरानं मान पुसत म्हणाली,
"दोऱ्याचे तरी पैसे घ्यायला हवे होते गं."