उजवा खिसा

म्हापशाच्या पायलट स्टँडवर
सत्तावीस वर्षं काढली मी, काळ्या-पिवळ्या गाडीवर.
म्हणजे कंबरेनंच काढली म्हणा,
मी नुसता हँडल धरून होतो.

कळ सुरू झाली ती गेल्या शिगम्यानंतर.
आधी उजव्या कुल्ल्यात, खोल,
शहाळ्यात पाणी हलावं तशी.
मग मांडीच्या मागून उतरत उतरत
पोटरीपाशी येऊन थांबायची
आणि सिग्नलला पाय टेकला की म्हणायची,
मी आहे हं.

स्टँडवर कारणांना तोटा नव्हता.
सगुण म्हणाला, वायू.
कायतान म्हणाला, पर्वरीचे खड्डे,
आणि खड्ड्यांवरून सरकारवर गेला,
सरकारवरून परत यायला त्याला दुपार झाली.
उपासो म्हणाला, वय.
एवढंच. आणि गिऱ्हाईक घेऊन गेला.

पिएदाद मासळीवाली पाटी उतरवत होती.
तिचा डावा खुबा नातवानं खाल्लाय, कडेवर बसबसून.
पोरगं चार वर्षांचं, चालायला नको, बघायला सगळं हवं.
म्हणाली, "मी हिकडे वाकडी, तू तिकडे.
दोघांना जोडलं तर एक सरळ माणूस निघेल."
बांगडे मात्र तिनं त्याच भावात दिले.

शेवटी आझिलोत गेलो.
फिजिओची मुलगी केप्याकडची, गांवस देसाय,
माझ्या धाकटीएवढी.
पालथं झोपवलं, दोन्ही टाचा जुळवून पाहिल्या,
अंगठ्यानं एक जागा दाबली
आणि मला माझी आई आठवली, मोठ्यानं.

फोटो उजेडासमोर धरून म्हणाली,
खुबा अजून चांगला आहे, काका.
मणक्यांमधली एक गादी दबलीय, शीर चिमटतेय तिथं.
पोटाचे स्नायू तर तुमचे कधीच झोपी गेलेत.
मग उठलो, विजार सावरली,
आणि ती माझ्या पाठीमागे बघतच राहिली.
"त्या खिशात काय आहे?"

पाकीट.
टेबलावर ठेवलं तर पोळ्यासारखं फुगलेलं,
मिटेना.
एकेक काढत गेली ती, मी लाजत गेलो.
लायसन्स, दोन संपलेल्या विम्याचे कागद,
सोसायटीच्या हप्त्याच्या पावत्या, फिटलेल्या हप्त्याच्या,
दामोदराचा प्रसाद, फूल होतं की पान ते आता कळत नाही,
न लागलेली लॉटरी,
धाकटीच्या कॉलेजची पहिली फी,
आणि घामानं शाई फुटलेली एक चिठ्ठी :
वैकुंठचा पत्ता. स्विंडन, पुढचं वाचता येत नाही.
भाऊ माझा. तेरा वर्षं झाली.
पैसे निघाले एकशेचाळीस.

"एक कुल्ला डोंगरावर, एक शेतात,"
ती म्हणाली, "आणि मधे कणा बिचारा.
तो रोज वाकून तुमचा तोल सांभाळत होता."
मग जरा थांबून, खरं तेच सांगायचं म्हणून :
"ह्यानंच झालं असं नाही हं.
बसणं आहे, खड्डे आहेत, वयही आहे.
पण ह्यातलं हे एक तुमच्या हातात आहे."

पावत्या तिथल्याच डब्यात टाकल्या.
लॉटरी टाकताना हात उगाच अडला.
चिठ्ठी शर्टाच्या खिशात घातली,
आता तिथं दुखतं का बघू.

गाडीवर बसलो तर मी उजवीकडे कलंडतोय असं वाटलं.
सपाट बसायची सवयच नव्हती.
विजारीवर त्या जागी चौकोन अजून फिका आहे,
पिएदाद म्हणते, खिडकी ठेवलीस काय रे मागं.

कळ गेली म्हणता येत नाही.
लांबचं भाडं असलं, पेडण्याकडचं, की येते.
पण पहाटे जमिनीवर पडून
गुडघे छातीशी ओढून तीस मोजायचे असतात,
तेवढं करतो.
बायको माझ्यावरून ओलांडून चुलीकडे जाते.
बहुतेक सतराला पोदेराचा भोंपू वाजतो
आणि मी आकडा विसरतो,
पुन्हा एकपासून.