पाण्याची टक्केवारी

रबाळ्याच्या शेडमध्ये पोतं उघडलं
की पांढऱ्या खवल्यांत हात घालून बघावा.
कोरडे. साबणासारखे निसटते.
कॅरम खेळलेला कुणीही ही बोरिक पावडर ओळखतो.
यात पाणी आहे म्हटलं
तर नवा हेल्पर हसतो.

शंभर किलोला चव्वेचाळीस किलो.
हा हिशेब मी रोज मांडते
आणि रोज मलाही तो पटत नाही.

भट्टीवर जनार्दन मढवी.
एकशेसत्तरला पहिली वाफ सुटते,
वास नसतो तिला, घाई असते.
तीनशेच्या पुढे माल फुगतो, फेसाळतो,
उतू गेला तर शिफ्ट गेली,
म्हणून दुधावर उभं राहावं
तसे मढवी भट्टीवर उभे राहतात.
बर्नर मंद. परत थोडा मोठा.
मग हजाराच्या आसपास कधीतरी
बुडबुडे थांबतात, सगळं निवळतं.
काकवीइतकं दाट.
पण काकवीला रंग असतो.

मढव्यांच्या वडिलांचं मिठागर होतं, ऐरोलीच्या अंगाला.
तिथेही पाणी घालवायचंच काम,
फक्त गॅसचं बिल येत नसे.
"मीठ पानी सोरतं न गप बसतं," ते म्हणतात,
"ह्यो काय बसाचा नाय."

निवला की काच.
बोरॉन ऑक्साइड, लेबलवर नव्व्याण्णव टक्के.
स्फटिक हो म्हटलं तरी होत नाही,
हट्टी,
आणि ज्या भांड्यात वितळेल
त्या भांड्याचा थोडा घास घेतो;
प्लॅटिनमच्या मुशीपुढे तेवढा नमतो.
फोडायचा, चाळायचा, दुहेरी पिशवी, ड्रम, सील.
हे सगळं बंद खोलीत,
हवा सुकवणारं यंत्र कोपऱ्यात घरघरत असताना.
कारण भिंतीपलीकडे नाला
आणि नाल्यापलीकडे खाडी.

सत्तेचाळीस नंबरची बॅच.
शुक्रवारी रात्री एका ड्रमची रिंग नीट बसली नाही.
सोमवारी झाकण काढलं तर
काचेच्या कडांवर पांढरी साय.
तळातली चिमूटभर भुकटी
मी ओल्या बोटावर घेतली. बोटाला ऊब लागली.
पाणी परत येताना
जाताना नेलेली थोडी उष्णता घेऊन येतं.
हिशेबात ती कुठे दाखवायची?

तळोज्याचा काचवाला हा माल घेणार नाही.
त्याच्या परीक्षानळ्या, औषधाच्या कुप्या,
उकळतं ओतलं तरी न तडकणारे पेले,
सगळ्यांची मदार आमच्या कोरडेपणावर.
इनॅमलवाला कदाचित घेईल, भाव पाडून.
बंगळुरूला तर दाखवूच नये:
तिथल्या मुशीत गॅलियम आणि आर्सेनिकचा स्फटिक
इंच-इंच वर ओढतात,
आणि आर्सेनिक उडून जाऊ नये म्हणून
वर आमची काच पातळ होऊन
झाकणासारखी तरंगत राहते.
एक बुडबुडा पुरतो सगळं नासायला.

ओलावा तीन पूर्णांक एक. नामंजूर.
मढव्यांनी कागद वाचला, चार घड्या केल्या.
"पानी गेलतं कुठं?" म्हणाले.
"दारान उभं होतं."

मिठागराच्या जागी आता काय आहे
ते मी विचारलं नाही.

बॅच परत भट्टीत जाणार होती.
त्याआधी प्रयोगशाळेत, काही कारण नसताना,
मी वाटीत मिथेनॉल घेतलं, सायीतली एक चिमूट टाकली,
काडी ओढली.
दिवा मढव्यांनी आपणहून मालवला.

हिरवी ज्योत.
कोवळ्या केळीच्या सुरळीसारखी,
धूर नाही, आवाज नाही.
शेजारच्या वाटीत मंजूर बॅचची चिमूट पेटवली.
तीही तशीच.
दोन्हींत फरक दिसेना,
मी चष्मा पुसून पाहिला तरी.

मढवी बराच वेळ वाकून बघत होते,
चेहऱ्याला एका बाजूने हिरवे.
मग दिवा लावला,
घड्या केलेला कागद खिशातून काढून टेबलावर सपाट केला,
सगळ्या रकान्यांवरून एकदा बोट फिरवलं.

"यान ह्याचा रकाना नाय?"