उलांडी

लसीकरणाच्या खोलीमागे मला एक टेबल मिळतं,
दर दुसऱ्या गुरुवारी.
त्याचा एक पाय आखूड, त्याखाली
जुन्या पोलिओ-पत्रकांची घडी.

आज साईल कुबल. वय चौदा वर्षं दोन महिने,
इयत्ता नववी, राहणार सर्जेकोट.
आई बांगड्यांचा लिलाव अर्ध्यावर टाकून आलेली,
मनगटाला अजून खवलं.
दारातूनच म्हणाली,
"बाई, एकदाच काय ता सांगा. झील माझो ढ आसा काय?"

मी म्हटलं, बसा.

लाल-पांढरे ठोकळे त्यानं असे जुळवले
जसं कुणी गप्पा मारता मारता
जाळ्याचं भोक सांधतं.
एकेचाळीस सेकंद.
मी घड्याळ कानाशी धरून पाहिलं.

मग आकडे. सात, दोन, नऊ : आले.
सात, दोन, नऊ, चार :
चौथा निसटला, आणि तो टेबलाखाली बघू लागला,
तिथं पडला असेल तर.

मग तिसरीतला उतारा.
"घ"चा "ध" झाला, "भ"चा "म",
ऱ्हस्व-दीर्घ आपापली जागा सोडून पांगले,
"क्ष"पाशी तो थांबला
खडक दिसल्यावर थांबतात तसा.
पंखा चालू होता, तरी कानामागून घाम.
"फुडला अक्षर वाचीसर मागला जाता," तो म्हणाला.
हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.
त्याला वाटायचं, सगळ्यांचंच जातं,
बाकीचे फक्त बोलत नाहीत.

श्रुतलेखनात वीस शब्द, सोळा चुकीचे.
पण ढग, आषाढ, ढोल, गाढव :
"ढ" कुठंच चुकला नाही.
कसं रे? मी विचारलं.
"तो माझ्या बाकार कोरलेलो आसा."

म्हणतात, बाकीची अक्षरं वळणं बदलत गेली,
हे एकटंच होतं तसं राहिलं,
म्हणून पोरांना त्याचं नाव.
मला ते मठ्ठ कधी वाटलं नाही.
हट्टी वाटलं असेल.

शेवटचं कार्ड. होडीचं चित्र.
काय काढायचं राहिलंय?
त्यानं कार्ड हातात घेतलं, आडवं धरलं,
पहिल्यांदाच नीट बसला.
"उलांडी."
आणखी काही?
"आणखी काय? उलांडी नाय, तर वल्ह्याक धरतलो कोण?
ही पालथी होतली."

उत्तरपत्रिकेत लिहिलंय : वल्हं, एक गुण.
दुसरं काहीही, शून्य.
चित्र काढणारा कुठल्यातरी तळ्याकाठचा असणार.
मी शून्य लिहिलं. लिहावंच लागतं.
शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, "मुलगा बरोबर आहे",
आणि खोडरबर ड्रॉवरमध्ये टाकला.

आईला सांगितलं : बुद्धी चांगली आहे,
चांगल्याहून चांगली आहे,
अडचण वाचनात आहे, तिला नाव आहे,
प्रमाणपत्र मिळेल, दहावीला तासामागे वीस मिनिटं जादा,
हवा तर लेखनिक.
तिनं सगळं ऐकून घेतलं.
"म्हणजे ढ नाय?"
नाही.
ती रडली नाही. बोटांवर काहीतरी मोजलं,
पहिलीपासून असावं.
"नऊ वर्सां मी तेका मारलंय," म्हणाली,
आणि हात पदराखाली घेतले.

मला बरं काही सुचलं नाही.
तिला पाणी दिलं.

साईल म्हणाला, रिपोर्ट मीच वाचतंय.
आता?
आता.
पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.
मी घड्याळ पालथं ठेवलं.
सर्जेकोटची एसटी दोनदा हॉर्न देऊन गेली
तेव्हा तो "वाचनक्षमता"च्या "क्ष"पर्यंत आला होता.
आईनं उचललेली पिशवी
परत खाली ठेवली.