उजवी रिकीब

पहिला महिना एल्बिओनं दुडकी चालूच दिली नाही.
काखेत थर्मास, मुठीत येर्बाचा भोपळा,
फाटकाला टेकून म्हणाला,
"नुसता चालव. दम दोन महिन्यांत येतो,
मांस चार महिन्यांत.
हाडांना वर्ष लागतं, निदिया.
हाडं कुणाचं ऐकत नाहीत."

म्हणून चाललो. मी आणि कांदिल,
काळ्या आयाळीचा कुमैत, डावा कान कुणी तरी चावलेला.
तारेच्या कुंपणालगत निलगिरीच्या रांगेपर्यंत,
आणि परत.
टिटव्या डोक्यावर ओरडत राहायच्या,
जणू आम्ही अंडीच चोरायला आलोय.

उतार आला की मी खाली.
त्याच्या खांद्याशी खांदा लावून धावायचं.
"पाय आहेत ना तुला?" एल्बिओ विचारायचा.
होते. त्रेपन्न वर्षांचे,
त्यांतली तीस पोस्टाच्या खिडकीमागे मुडपून ठेवलेली.

मे महिन्यात, पस्तीस किलोमीटरनंतर
खोगीर उतरवलं, तर घाम सारखा नव्हता.
डावी बाजू चिंब,
उजवीकडे तळहाताएवढा कोरडा डाग.
एल्बिओनं त्यावर हात ठेवला. कांदिल थरथरला.
"सगळा भार उजव्या रिकिबीत टाकतेस.
पाठ त्याची, खोड तुझी."

त्या रात्री अंधारात लक्षात आलं,
रुबेन गेल्यापासून
मी पलंगाच्या उजव्या काठावरच झोपते.

ऑगस्टात साठ. तिसाव्याला थांबा.
मानेवर बादल्या, तंग सैल, सावली.
डॉक्टरीणबाईंनी हिरडी दाबून पाहिली,
कातडीची चिमूट सोडली,
मग नळी लावून डोळे मिटले.
चौसष्टच्या वर असेल तर घरी.
शहात्तर.
थांबा जरा, म्हणाल्या.
कांदिलनं बादलीत तोंड घातलं,
कान हलवत, घोट घोट, कसलीच घाई नसल्यासारखा.
एकोणसत्तर.
बासष्ट.
मी गुपचूप माझ्या गळ्याला बोटं लावली.
तिथं अजून कुणी तरी दार बडवत होतं.

साठ संपले. एकविसाव्या आलो, बावीस जणांत.
एल्बिओ काही बोलला नाही.
खोगीर स्वतः उचललं,
आणि मला बोलावून दाखवलं:
दोन्हीकडे सारखा ओला,
कुठेही कोरं नाही.

आता नव्वदची तयारी.
पुन्हा चालणं, पुन्हा टिटव्या.
पलंगाच्या मध्यावर अजून जमत नाही.
चार बोटं सरकलेय.