इसार

सास्काटूनमध्ये बाहेर उणे एकोणतीस,
हँगरातला हीटर घशात खडा अडकल्यासारखा खाकरतो.
इसार जमा झालाय. आता तीन आठवडे
हे विमान माझं, म्हणजे
पत्रे उघडायचे, आत हात घालायचा
आणि सापडेल ते लिहायचं.

विकणारे : लॉर्न हॅल्वर्सनचे वारस.
घेणारी : शिमेना ओयार्सून, पुंता अरेनासची,
सामन माशांचा धंदा, बोलणं मोजकं.
पहिल्या दिवशी तिनं एवढंच विचारलं,
न थांबता किती लांब?
मी म्हटलं, कागदावर अकरा हजार किलोमीटर.
कागदावर, ती म्हणाली,
आणि हातमोजे काढलेच नाहीत.

लॉगबुकं सात. दोन रात्री तीच वाचतेय.
सास्काटून–रिजायना, अडतीस मिनिटं.
रिजायना–सास्काटून, एकेचाळीस, समोरून वारा.
विनिपेग. परत. ब्रँडन. परत.
अठरा वर्षं.
तास थोडे, उतरणं फार.
चाकांचे पाय म्हाताऱ्या पोस्टमनचे
आणि इंजिनं अजून लग्नाळू.
महासागर ओलांडणारं यंत्र
या माणसानं गव्हाच्या कोठारांवरून फिरवलं,
दुधाचा रतीब घालावा तसं.

ओरेस्त ह्नातियुक, पहिल्या दिवसापासूनचा मेकॅनिक,
माझ्यासाठी टॉर्च धरून उभा.
मी न विचारताच सांगतो :
मुलगी होबार्टला असते त्याची.
दर नोव्हेंबरला म्हणायचा, या वर्षी जाऊ,
मध्ये एकच थांबा.
मग?
मग पीक असायचं.
मग भाव पडले. मग गुडघा.
टॉर्च जरा हलला, मी म्हटलं, सरळ धर.

चौथ्या दिवशी मागची टाकी भरली.
नोंदीनुसार निर्दोष,
नोंदीनुसार कारखान्यातून आल्यावर
एकदाही काठोकाठ न भरलेली.
तासाभरानं पंखाच्या मुळाशी
एक थेंब जमला, लोंबला, विचार करत राहिला,
पडला.

वारसांचे वकील फोनवर हसले :
अहो, जी कधी भरलीच नाही ती गळेल कशी?
म्हणूनच, मी म्हटलं.
सांध्यांतलं सीलंट ओलं राहावं लागतं.
कोरडं ठेवलं की आक्रसतं,
चिरा पडतात केसाएवढ्या,
आणि कुणाला कळत नाही
कुणी एकदा भरायला घेईपर्यंत.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग म्हणाले, किती कमी करायचे?

सहा लाख डॉलर.
शिवाय पायांची दुरुस्ती त्यांच्या खर्चानं.

सामानाच्या यादीत :
काचेचे पेले अकरा (बारावा सापडला नाही),
कांबळी चार, पत्त्यांचा जोड,
आणि खालच्या खणात
ऑस्ट्रेलियातल्या प्लगचा एक अडॅप्टर,
वेष्टण न फोडलेला,
किमतीचं लेबल पिवळं पडलेलं.
वारसांना विचारलं. नको म्हणाले.
ओरेस्तला विचारलं. तो पाना पुसत राहिला.

शिमेनाबाई आज पुन्हा आल्या.
उजवा हातमोजा काढला,
थेंबाखाली बोट धरलं, हुंगलं,
आणि रुमाल शोधताना तो खण उघडला.
पाहिलं. बंद केला.
याची किंमत धरलीय का, म्हणाल्या.
मी म्हटलं, नाही.
मग राहू दे तिथंच.

बादली खाली सरकवली.
घड्याळ लावलं.
मिनिटाला चार. लिहिलं.
ओरेस्त म्हणाला, पाच.
पुन्हा मोजतोय.