आधी दाब, मग वेग

डंडीत, हिल्टाउनच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर
स्वयंपाकघराच्या टेबलावर पंजाएवढा बोर्ड,
शेजारी कालच्या आमटीचं पातेलं.
अकरा रात्री झाल्या. बोर्ड मरतो.
मरतो म्हणजे बोलता बोलता गप्प होतो,
अर्ध्या शब्दात. कर्सरही लुकलुकत नाही.

कर्नलला मी काटकसर शिकवली आहे:
काम नसेल तर सहाशे मेगाहर्ट्झवर बस,
पाय पोटाशी घेऊन. नऊशे मिलिव्होल्ट पुरे.
काम आलं की ऊठ, अठराशेवर जा.
मधल्या प्रत्येक पायरीचा दाब तक्त्यात लिहिलेला,
वाण्याच्या दुकानातल्या दरांसारखा.
नुसता वेग उतरवून फारसं वाचत नाही,
दाबही उतरवावा लागतो,
बिलात दाबाचा वर्ग येतो.
हे सगळं मला पाठ. तरी मरतो.

सव्वानऊला दार वाजतं. समोरच्या इशबेल गेडिस.
त्यांच्या मीटरमधले पैसे संपलेत,
उसने मिळतात ते पाच पौंडही संपलेत,
कार्ड भरून देणारं दुकान सातला उघडतं.
यातलं काहीच त्या सांगत नाहीत.
"तुझ्याकडे दिवा दिसला," म्हणतात
आणि कोट न काढता बसतात.

ज्यूटच्या गिरणीत तेवीस वर्षं मागावर.
कान तिथेच राहिले, म्हणून ओठांवरून ऐकतात.
मी पुटपुटलेली शिवीसुद्धा त्यांनी ऐकली.
"कोणाला?"
"ह्याला."

बोर्डावर मी भार टाकतो, काढतो, पुन्हा टाकतो.
इशबेल हात पुढे करतात,
ॲल्युमिनियमच्या दातेरी तुकड्यावर बोटं धरतात,
शेगडीवर धरावीत तशी.
एकाहत्तर अंश, पडद्यावर दिसतं. मी बोलत नाही.
"एवढंसं आहे, पण मनापासून तापतं."
तेवढ्यात ते मरतं.

"केव्हा मरतं हे?"
"वर चढताना. उतरताना कधीच नाही."
"मग तुमचाही मुकादम आमच्यासारखाच.
जानेवारीतल्या सोमवारी शेडमध्ये पाऊल टाकलं की
आधी वेग वाढवायचा.
सूत अजून गारठलेलं, कोरडं. तटातट तुटायचं.
आणि बोलणी कोणाला? आम्हाला."

मी हसतो. मग हसू थांबतं.
फाइल उघडतो, तीन वर्षांपूर्वीची, माझ्याच नावाची.
चढायचं तर आधी दाब, मग वेग;
उतरायचं तर आधी वेग, मग दाब.
दोन्ही वाटा लिहिल्यात, नीट लिहिल्यात.
पण जुना वेग किती होता हे विचारायच्या आधीच
मी त्याच्यावर नवा वेग लिहून ठेवलाय.
त्यामुळे प्रत्येक चढ त्याला
उतारच वाटत आलाय.
दर वेळी चाळीस मायक्रोसेकंद
तो उपाशीपोटी धावलाय.
शेकडो बोर्डांनी ते सोसलं, बोलले नाहीत.
हा एकच बोलला, गप्प होऊन.

एक ओळ दोन ओळी वर सरकवली.
झालं. अकरा रात्री, एक ओळ.
बोर्ड चढतो, उतरतो, चढतो.
साडेदहा. अकरा. इशबेल खुर्चीतच झोपल्यात,
मान एका बाजूला, हात अजून टेबलावर.
चाचणी संपली, भार काढायला हवा.
मी काढत नाही. चारही कोर
कोणाला नको असलेली एक बेरीज करत राहतात.
सात वॅटने खोली तापत नाही, कळतं मला,
म्हणून उठून हीटरही लावतो.
माझ्या मीटरचं बघू सकाळी.

मग दुरुस्तीची टीप लिहायला घेतो.
'चढताना क्रम चुकत होता' एवढं पुरेल.
खाली एक रकाना असतो: कोणी सुचवलं.
इशबेल गेडिस, मी लिहितो.
पुढे ईमेलचा पत्ता द्यावा लागतो.
त्यांना तो नाही.
मी कर्सरकडे बघत बसतो,
तो लुकलुकतोय.